नागपूरच्या थंडीत माउंटन बायकिंगचे कपडे : चार महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबरच्या आरंभी घेतलेले सायकलिंगचे कपडे फेब्रुवारीअखेर धुऊन कपाटात ठेवताना लक्षात आले, की सर्वांत महाग पडलेले जाकीट जेमतेम पाच वेळा अंगावर चढले होते, आणि निव्वळ पैसे उरले म्हणून उचललेल्या बिनबाह्यांच्या पातळ विंडचीटरने मात्र एकही फेरी चुकवली नव्हती.

माझ्या फेऱ्या ठरलेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा पहाटे सहाच्या आत धरमपेठेतून निघून फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ आणि काटोल रस्त्याने गोरेवाड्याच्या बाजूच्या मातीच्या वाटा. रविवारी हिंगण्याच्या पुढे झिल्पी तलावाकडची मुरमाड वाट. डिसेंबर-जानेवारीत या वेळी पारा १० अंशांच्या आसपास असतो, काही दिवस ७-८ वर उतरतो (२९ डिसेंबर २०१८ रोजी तर तो ३.५ वर आला होता), आणि दुपारी तोच २७-२८ वर जातो. म्हणजे निघताना दात वाजत असतात आणि साडेनऊला परतताना उन्हाने पाठ तापलेली असते. डोंगराळ प्रदेशातल्या थंडीसाठी शिवलेले जाड कपडे इथे फसतात ते या फरकामुळे.

दुसरी अडचण या सायकलीच्या स्वभावातच आहे. डांबरी रस्त्यावर वेग बराचसा एकसारखा राहतो. मातीच्या चढावर मात्र ताशी ७-८ किलोमीटरने रेटताना वारा जवळजवळ लागत नाही आणि अंगातून घामाच्या धारा निघतात, आणि माथ्यावरून उताराला लागताच त्याच ओल्या अंगावर ताशी २५ किलोमीटरचा वारा आदळतो. हवा १० अंशांची असली, तरी या वेगाला उघड्या कातडीला ती ७ अंशांसारखी बोचते, आणि ओल्या कातडीला त्याहूनही अधिक. नाल्याच्या खोलगटात किंवा ओलिताच्या संत्राबागेजवळून जाताना तर गार हवेचा थर स्पष्ट जाणवतो, कारण थंड हवा जड असल्यामुळे पहाटे सखल भागात साचून राहते.

पहिल्या महिन्यात मी आत नेहमीचे सुती बनियन घालत असे. सूत कोरडे दिसत असतानाही हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के इतका धरून असते, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. घाम आल्यावर हा फरक कित्येक पटींनी वाढतो. हे वाचून ठाऊक होते, पण पटले ते एका सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर. सायकल चालवताना काहीच वाटले नव्हते. थांबून पाचच मिनिटे झाली असतील, तोच बनियन पाठीला गार फडक्यासारखे चिकटले आणि हातातल्या बशीतली तर्री हिंदकळू लागली. ठेलेवाल्याने विचारले, “काहून थरथरून रायले भाऊ, ताप आला काय?” त्या दिवसापासून आत पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट आला. तो घाम शोषून बसत नाही, बाहेरच्या बाजूला पसरवतो आणि लवकर वाळतो. त्याचा दोष एकच : दोन फेऱ्यांनंतर त्याला जो वास येतो तो घरच्यांना सहन होत नाही. धुताना कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून घाम पसरवण्याची क्षमता कमी होते. हे मला एक टी-शर्ट वाया घालवल्यावर समजले.

आता त्या विंडचीटरविषयी. पुढची बाजू वारा अडवणाऱ्या घट्ट कापडाची, पाठ जाळीची आणि बाह्या नाहीत, एवढीच त्याची करामत. छातीला वारा लागत नाही, पाठीतून वाफ निघून जाते, आणि ऊन चढल्यावर घडी घालून ते जर्सीच्या मागच्या खिशात मुठीएवढ्या जागेत बसते. चढाला लागण्यापूर्वी चेन पोटापर्यंत उघडायची आणि माथ्यावर श्वास सावरण्याआधी वर ओढायची, ही सवय लागायला मला तीन आठवडे लागले. बोरीच्या काट्याने खांद्यापाशी एक चीर पडली आहे. ती पंक्चरच्या पट्टीने झाकली असून अद्याप टिकून आहे.

मधल्या थरासाठी आईने विणलेला लोकरीचा स्वेटर वापरून पाहिला. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, हे खरेच आहे. परंतु नोव्हेंबरनंतर आपल्याकडचे गवत वाळून कुसळे सुटतात, आणि झिल्पीच्या एका फेरीनंतर मी व्हरांड्यात बसून अर्धा तास चिमट्याने ती उपटत होतो. फ्लीसची, म्हणजे लवदार कृत्रिम उबदार कापडाचीही तीच गत. मोज्यांत शिरलेले कुसळ तर चालत्या सायकलवर काढताही येत नाही, म्हणून मोजे उंच पण गुळगुळीत विणीचे असावेत. पारा ८ च्या खाली असेल तेव्हाच मी मधला थर घालतो, आणि तोही बिनलोकरीचा.

हातमोज्यांच्या बाबतीत मी दोनदा चुकलो. पहिले जाड लोकरीचे होते, त्यांतून ब्रेकचा दाब बोटांना कळत नसे आणि सैल मुरमावर पुढचे चाक एकदा जागीच जाम झाले. पडलो, पण कोपरावर निभावले. दुसरे पातळ, पूर्ण बोटांचे, तळव्यावर रबरी ठिपके असलेले. ते ठिपके दीड महिन्यात सोलून निघाले आणि विक्रेत्याने ‘वापराने होतेच’ म्हणून हात झटकले. तरीही पातळच घ्यावेत. बोटे पहिली वीस मिनिटे बधिरतात, नंतर रक्त धावू लागले की प्रश्न उरत नाही. कानांसाठी हेल्मेटखाली पातळ पट्टी पुरते. जाड कानटोपीने हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही आणि पडल्यावर त्याचा भरवसा राहत नाही.

पायांना थंडी कमीच लागते. पॅडेड शॉर्ट्सवर गुडघ्यापर्यंतचे वॉर्मर (पायांवर चढवायच्या सुट्या बाह्याच जणू) पुरले, आणि ते थांबून खाली ओढायला बूट काढावे लागत नाहीत.

ते महागडे जाकीट सध्या माझा भाचा वापरतो. तो पहाटे मोटारसायकलवरून बुटीबोरीला कामावर जातो, त्याला घाम येत नाही आणि वारा अखंड लागतो; त्याच्या मते याहून चांगले जाकीट नागपुरात मिळणार नाही.