रोझमेरीच्या कलमांसाठी संजीवक पावडर: इंदूरच्या हवेत कितपत कामाची?

इंदूरच्या नर्सऱ्यांत आणि ऑनलाइनही मिळणारी मुळं फुटवायची पावडर म्हणजे टाल्कमध्ये मिसळलेलं आयबीए, म्हणजेच इंडोल ब्युटिरिक ॲसिड हे मुळं फुटवणारं संजीवक. रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सेजसाठी ती जरूर घ्यावी, थाइमसाठी गरज नाही. पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कापला तो डबीवरच्या अर्धवट माहितीसाठी.

कंपनीचं नाव नंतर बघा, आधी नंबर बघा. 1 नंबरात साधारण 0.1 टक्का आयबीए असतं, 2 नंबरात 0.3 आणि 3 नंबरात 0.8. पहिली कोवळ्या काडीसाठी, दुसरी अर्धवट निबर काडीसाठी, तिसरी पुऱ्या जून लाकडासाठी. रोझमेरी लाकडी झुडूप, म्हणून गिऱ्हाईक 3 नंबर मागतं आणि गोष्ट तिथेच बिघडते. कलमाला आपण जुनं खोड घेतच नाही. शेंड्याकडे हिरवी आणि बुडाशी नुकती तपकिरी होऊ लागलेली यंदाची फूट घेतो, आणि तिला 2 नंबरच लागतो. संजीवक जास्त झालं की काडीचं बुड जळून काळं पडतं. ती बुरशी समजून वर बुरशीनाशक मारलं जातं, पण मेलेलं बुड त्याने जिवंत होत नाही.

टक्केवारी न छापलेली डबी कितीही स्वस्त असो, परत ठेवा. दालचिनी किंवा हळदीची ‘हर्बल’ पावडर बुरशी रोखायला थोडीफार मदत करेल, पण मुळं फुटवणारं संजीवक तिच्यात नाही.

उत्पादनाची तारीखही नीट वाचा. उष्णता, उजेड आणि ओल, तिन्हींनी आयबीए कमजोर होतं. मे महिन्यात इथे पारा 40 च्या वर जातो, त्यामुळे उन्हाळाभर दुकानाच्या काचेत उभी असलेली डबी घेऊ नये. घरी आणल्यावर घट्ट झाकण लावून, वेगळ्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. काडी थेट डबीत बुडवू नका. ओल्या काडीबरोबर बुरशीही आत जाते. चिमूटभर पावडर कागदावर घ्या आणि उरलेली फेकून द्या.

काडी 8 ते 10 सेंमीची, फुलं नसलेली. पेराच्या जरा खाली नव्या ब्लेडने काप द्या, बोथट सिकेटरने (बागेच्या कात्रीने) साल चिरडते. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा, शेवटचा 1 सेंमी ओला करून पावडरीला टेकवा आणि काडी झटका. पातळ थर पुरे. पेन्सिलीने आधी भोक पाडूनच काडी लावा, नाहीतर सगळी पावडर वरच खरवडून राहते.

ही पावडर चुकीच्या मिश्रणाला मात्र सावरू शकत नाही. माळव्याची काळी माती कलमांना अजिबात नको. ती पाणी धरून ठेवते, हवा कोंडते आणि मुळं फुटण्याआधीच बुड सडतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) निम्मेनिम्मे घ्या. परलाईट नसेल तर जाड वाळू धुऊन वापरा. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीनदा धुवा, आणि बोअरिंगपेक्षा नर्मदेच्या नळाचं पाणी बरं. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब गळावा, त्याहून ओलं नको. खत अजिबात नको.

वरून पिशवी बांधून टाकू नका. सेजच्या लवदार पानांवर वाफ साचली की ती सडतात. कापलेली बाटली बूच काढून पालथी घाला आणि कुंडी उजेडाच्या सावलीत ठेवा.

पावसाळ्यात लावलेली कलमं सहसा कुजतात. पाऊस सरल्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत, किंवा फेब्रुवारीत लावा. बुडाशी 20 ते 24 अंश मिळाले तर चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची नावाजलेली रात्र, माणसांना कितीही सुखाची असो, जानेवारीत रात्री पारा 10 च्या खाली उतरतो तेव्हा कुंडी घरात घ्या, नाहीतर काडी तशीच थिजून राहते. नवीन पान दिसलं म्हणून खूश होऊ नका. काडी स्वतःच्या साठ्यावरही पान काढते. हलकंसं ओढल्यावर अडली, तर मुळं आहेत.

थाइमची जमिनीला टेकलेली फांदी हेअरपिनने मातीत दाबून ठेवली की आपोआप मुळं सोडते. हे दाब कलम फुकटात होतं. बाकीच्यांसाठी सगळ्यात लहान डबी घ्या. एका काडीला इतकी कमी पावडर लागते की 50 ग्रॅमसुद्धा घरच्या बागेत संपत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर ती वापरण्यात अर्थ नसतो.