मोबाइल कॉम्प्युटिंगचा कोर्स: नियम चांगले, पण लॅपटॉपची अट अपुरी

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या या कोर्सची खरी ताकद प्रात्यक्षिकात आहे. ॲप एम्युलेटरवर (लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनवर) चालून भागत नाही, खऱ्या फोनवर चालवून दाखवावं लागतं. हा नियम उत्तमच, कारण कॅमेरा, जीपीएस आणि बॅटरीचं वागणं खऱ्या फोनवरच कळतं.

माहितीपत्रकात मात्र ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरेल असं लिहिलंय. तेवढ्यावर अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) उघडतो, पण सोबत एम्युलेटर लावला की मशीन अडकतं. १६ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) घ्या. ते जमत नसेल तर एम्युलेटर विसरा आणि फोनच जोडा: सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, मग यूएसबी डीबगिंग चालू करायचं, म्हणजे केबलने जोडलेल्या फोनवर लॅपटॉपवरून ॲप चालवता येतं. फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला. कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात. एम्युलेटरच हवा असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एम्युलेटरला लागणारी प्रोसेसरची सोय, चालू आहे ना, ते बघा.

पहिल्या बिल्डला, म्हणजे कोडपासून ॲप पहिल्यांदा तयार करताना, ग्रेडल (ते काम करणारं टूल) बरंच काही डाउनलोड करतं, म्हणून ते घरच्या वायफायवर उरकून या. प्रोजेक्ट झिप करण्याआधी त्यात आपोआप तयार झालेला 'बिल्ड' फोल्डर काढून टाका, नाहीतर अपलोडची मर्यादा ओलांडते.

कॉपी सापडली की शून्य गुण, आणि तोंडी परीक्षेत स्वतःच्या कोडची ओळन् ओळ समजावावी लागते. हे योग्यच. उशिरा येणाऱ्याला प्रात्यक्षिकाला बसू न देण्याचा नियम मात्र बार्शी-अक्कलकोटहून एसटीने येणाऱ्या मुलांवर अन्याय करतो. तो बदलायलाच हवा.