इंग्रजी नामांचं अनेकवचन करणारा प्रोग्राम: नियम, यादी की लायब्ररी?

पायथनमध्ये हा छोटा प्रोग्राम तीन प्रकारे लिहिता येतो: शेवटच्या अक्षरांवरून नियम लावून, एकवचन-अनेकवचनाच्या जोड्यांची यादी ठेवून, किंवा 'इन्फ्लेक्ट' ही तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) वापरून. यातलं काय घ्यायचं, हे प्रोग्रामला शब्द कोण देणार यावर ठरतं.

समजा नागपूरच्या इतवारीतल्या कापड दुकानाचं इंग्रजी बिल छापायचं आहे. शब्द मोजके आणि आधीच माहीत असलेले. इथे नियम लिहूच नका. मालाच्या टेबलात एकवचनाशेजारी अनेकवचनाचा रकाना वाढवा आणि नवा माल चढवताना तो भरणं सक्तीचं करा. 'नाइफ', 'लीफ' पाहून एफ किंवा एफईच्या जागी व्हीईएस लावणारा नियम केला, तर 'हँडकरचीफ' हमखास चुकतो. त्याला साधा एस लागतो. 'स्कार्फ'ला दोन्ही रूपं चालतात, म्हणजे दुकानदाराला विचारूनच एक ठरवावं लागेल. कळमन्याच्या भाजीबाजारातले 'पोटॅटो' आणि 'टोमॅटो' ईएस घेतात, तर सीताबर्डीच्या दुकानातला 'रेडिओ' नुसता एस. शेवटी ओ तिघांच्याही आहे. अक्षरं बघून हा फरक कळत नाही. आकड्यापुढचा 'डझन' तर बदलतच नाही, ५ असोत की ५०. यादीत हे सगळं एकदाच लिहून मोकळं होता येतं.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मात्र नियमच लिहायला सांगतात, आणि शिकायलाही तेच चांगले. तिथे खरा कस क्रमाचा लागतो. आधी अपवादांची डिक्शनरी (पायथनमधली जोड्यांची यादी): चाइल्ड, मॅन, फूट, माउस, गूस, ऑक्स, शीप. मग वायने संपणारे शब्द: वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय काढून आयईएस ('बॅटरी'), स्वर असेल तर फक्त एस ('की'). मग एस, एक्स, झेड, सीएच, एसएच यांना ईएस. उरलेल्यांना एस. साधा एस वर घेतला तर खालच्या ओळींपर्यंत प्रोग्राम पोचतच नाही.

अपवाद जुळवताना पूर्ण शब्द जुळवा, 'एंड्सविथ' (फक्त शब्दाचा शेवट जुळवणारं फंक्शन) वापरू नका. नाहीतर 'ऑक्स'च्या अपवादात 'बॉक्स' आणि 'फॉक्स' अडकतात, 'गूस'मध्ये 'मंगूस', 'मॅन'मध्ये 'ह्यूमन' आणि 'जर्मन'. उलट बाजूने 'वूमन' आणि 'ग्रँडचाइल्ड' डिक्शनरीत वेगळे टाकावे लागतात. तेवढी मेहनत परवडते. सीएचचा नियमही पूर्ण भरवशाचा नाही: 'स्टमक' आणि 'मोनार्क' यांच्या शेवटच्या सीएचचा उच्चार 'क' होतो, म्हणून त्यांना नुसता एस. 'क्विझ'मध्ये झेड दुप्पट होतो.

दोन चुका जवळजवळ प्रत्येक पहिल्या प्रयत्नात होतात. वायच्या आधीचं अक्षर बघताना शब्द एकाच अक्षराचा निघाला तर 'इंडेक्सएरर' (नसलेलं अक्षर मागितल्याची चूक) येतो; लांबी आधी तपासा. आणि डिक्शनरीत शोधण्यापूर्वी 'स्ट्रिप' (आजूबाजूच्या रिकाम्या जागा काढणं) आणि 'लोअर' (सगळी अक्षरं लहान करणं) केलं नाही, तर मोठ्या अक्षराने सुरू होणारा 'चाइल्ड' अपवादात सापडत नाही आणि त्याला सरळ एस लागतो.

कोणीही कोणताही शब्द टाइप करणार असेल, म्हणजे वेबसाइट किंवा ॲप असेल, तर इन्फ्लेक्टच घ्या. संगणकशास्त्रज्ञ डेमियन कॉनवे यांनी १९९८ मध्ये इंग्रजी अनेकवचनाची पद्धत पर्ल या प्रोग्रामिंग भाषेसाठी मांडली. ही लायब्ररी त्याच कामातून आलेली आहे. तिच्यातलं 'प्लुरल' हे फंक्शन क्रियापदं आणि विशेषणंही बदलतं, म्हणून नामांसाठी 'प्लुरल_नाउन' वापरा. त्याला संख्याही देता येते; १ दिला की शब्द तसाच परत मिळतो. दुकानाचे किंवा प्रोजेक्टचे खास शब्द 'डेफनाउन'ने शिकवता येतात. मात्र आधीच अनेकवचनी असलेला शब्द देऊ नका, त्यालाही ती एकवचनी समजून पुढे नेते.

लॅबच्या संगणकावर इंटरनेट नसेल तर ही लायब्ररी तिथे थेट बसवता येत नाही, आणि एकटी फाइल पेनड्राइव्हवर नेऊनही भागत नाही, कारण तिला आणखी पॅकेजेस लागतात. घरून 'पिप डाउनलोड'ने (पायथनची पॅकेजेस उतरवणारी आज्ञा) सगळी एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या, आणि लॅबमध्ये पायथनची जी आवृत्ती आहे तीच घरीही असू द्या.