मुरशेतचा तंबूतला मुक्काम: आई आणि दोन मुलांसह

भंडारदऱ्याला आम्ही याआधी तीनदा गेलो होतो, पण प्रत्येक वेळी खोलीत राहून. पौष अमावास्येच्या आदल्या शनिवारी पहिल्यांदाच तलावाकाठी तंबूत राहिलो. बरोबर 71 वर्षांची आई, आठवीतला मुलगा आणि 6 वर्षांची मुलगी. मुरशेत गावातलं एक कुटुंब स्वतःच्या शेतात, पाण्यापासून थोड्या उंचीवर आठ तंबू लावतं. रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि लागेल तेवढा चहा धरून माणशी 1200 रुपये घेतले, मुलीचे निम्मे.

डोंबिवलीहून निघालो ते जुन्या कसारा घाटानेच. 2025 च्या जूनपासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झालाय आणि त्यावरच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्याने वेळ वाचतो हे खरं, पण मुलांना घाट दाखवायचा होता. येताना मात्र थकलेलो असल्यामुळे समृद्धीच घेतला. इगतपुरी, घोटी, मग उजवीकडे कळसूबाई ठेवत बारी आणि शेंडी. आमची गाडी सीएनजीची, म्हणजे डिकी सिलिंडरने अडवलेली. पाच जणांची पांघरुणं कुठे कोंबायची म्हणून फोनवर विचारलं, तर मालक म्हणाले, "गोधड्या घरात आहेत, तुम्ही फक्त स्वेटर आणि कानटोप्या आणा." त्या गोधड्यांवर मी मनापासून खूश आहे. जुन्या लुगड्यांच्या, हाताने शिवलेल्या, उन्हाचा वास असलेल्या. आईने एक उलटून टाके पाहिले आणि मालकांच्या आईजवळ जाऊन बसली. पुढचा तासभर त्या दोघी आम्हाला सापडल्या नाहीत.

जेवण चुलीवरचं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वालाची आमटी आणि घरच्या तांदळाचा भात. वाल त्यांच्याच बांधावरचा, बी दरवर्षी राखून ठेवलेलं. अकोले तालुक्यात हे आवर्जून सांगण्यासारखं आहे, कारण गावरान बियाणं जपण्यासाठी 2020 साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. मुलीला तिखट झेपत नाही म्हटल्यावर मालकांच्या घरच्या ताईंनी तिच्यापुरतं वेगळं वरण टाकलं, त्याचे पैसे लावले नाहीत.

रात्री बरोबर 10 वाजता मालकांनी अंगणातला दिवा सोडून सगळे दिवे बंद केले. गाणी लावायची नाहीत, हे त्यांनी बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगितलं होतं. मागे एकदा याच तलावाच्या काठी, दुसऱ्या एका ठिकाणी, शेजारच्या तंबूंवरचा स्पीकर पहाटे दोनपर्यंत ऐकलाय, म्हणून या नियमाची किंमत मला कळते. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. इथे अंधार आणि शांतता ठेवायलाच हवी. चंद्र नव्हताच. मृग नक्षत्र डोक्यावर, त्यातला बाण, खाली लखलखणारा व्याध. मुलीने कृत्तिका मोजल्या, आधी पाच, मग सहा. आई म्हणाली, तिच्या लहानपणी दापोलीला अंगणातून असंच दिसायचं. ती इतक्या वर्षांत हे कधी बोलली नव्हती.

आता त्रास सांगते. पहाटे तंबूच्या आतून पाणी टपकलं. पाऊस नव्हता. तलावाकाठची थंडी, एकेरी कापड आणि आत झोपलेल्यांचा श्वास, त्याचंच पाणी होऊन कापडाला धरतं. वरच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवल्या की कमी होतं, पण हे झोपण्याआधी सांगायला हवं होतं. आमच्या दोन गोधड्या ओल्या झाल्या. गाद्याही पातळ आहेत, जमिनीचा गारवा कमरेत शिरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शौचालय. कमोड आहे, स्वच्छ आहे, पाणी आहे. पण वरच्या तंबूंपासून साठेक पावलं उतारावर, धरायला कठडा नाही. रात्री आईला दोनदा नेताना माझ्या जिवाला घोर लागला. सकाळी मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी कारणं दिली नाहीत. तिथल्या तिथे बांबू आणून दोन ठिकाणी रोवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी तलावाला पूर्ण वळसा घातला. पांजरे, उडदावणे करत घाटघर. कोकणकड्यावर मुलगा हलेना. खाली कोकणात एक धरण, वर एक; वरचं पाणी सोडून 250 मेगावॉट वीज होते आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात, हे त्याला समोर बघून कळलं. साम्रदला सांधण दरीत पहिल्या पाण्यापर्यंतच गेलो, मुलं असतील तर तेवढंच पुरे. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात आई बराच वेळ बसली. शेजारची पुष्करणी बघायला विसरू नका, तिच्या कोनाड्यांतल्या मूर्ती उतरून जवळून पाहाव्यात. परतताना 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण लागलंच.

रोख रक्कम बरोबर ठेवा. मुरशेतला आमच्या दोन्ही फोनना रेंज नव्हती, पैसे पाठवायला शेंडीपर्यंत यावं लागलं. मालकांनी "घरी जाऊन पाठवा" म्हटलं होतं, पण मला उधारी नको होती. सीएनजी कल्याणलाच भरून घ्या आणि चढाला पेट्रोलवर या.

निघताना मी मेअखेरच्या काजव्यांबद्दल विचारलं. मालक म्हणाले, "शनिवार-रविवारी येऊ नका ताई, गाड्यांच्या दिव्यांत काजवे दिसत नाहीत, आणि माणसं झाडं हलवतात. मधल्या वाराला या." त्यांचा धंदा शनिवार-रविवारचाच, तरी हे सांगितलं. आम्ही मंगळवार ठरवलाय. तंबू शौचालयाजवळचा, खालचा मागून घेतलाय, आणि त्या वेळी आईची बहीणही येतेय.