हॉटेलसाठी कांदा: वाशीतून गोण्या उचलायच्या की लासलगावहून गाडी मागवायची?

उन्हाळ कांदा बाजारात आला की ठाणे-नवी मुंबईतले खाणावळवाले, केटरर आणि भाजीचे दुकानदार हा हिशोब मांडायला बसतात. समजा लासलगावात कांदा 15 रुपये किलो आहे आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात 20. मग वरचे पाच रुपये मधल्यांना कशाला द्यायचे?

मुळात हे दोन भाव एकाच मालाचे नाहीत. लासलगावचा भाव क्विंटलमागे निघतो: किमान, कमाल आणि सरासरी. कमाल भाव मोजक्याच ट्रॉल्यांना मिळतो, म्हणून सरासरी धरावी. तीही बिननिवडीच्या मालाची असते. एकाच ट्रॉलीत मोठा कांदा, गोलटी (बारीक कांदा), जोड कांदा, थोडी खाद (खराब, टाकाऊ माल) असे सगळे येते. व्यापारी तो खळ्यावर ओततो, मजुरांकडून निवडून घेतो, गोण्या भरतो आणि मग गाडी मुंबईकडे निघते. वाशीच्या गाळ्यावर तुम्ही 20 रुपये मोजता ते या निवडलेल्या मालाचे.

आता भाडे. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, त्या दिवशीचे स्वतः घाला.

पिकअपमध्ये दीड टन माल: 15 रुपयांनी 22,500, भाडे 9,000, हमाली, तोलाई, बारदान (गोण्या) आणि आडत (दलाली) मिळून 1,500. एकूण 33,000. निवडीत आणि तुटीत पाच टक्के गेले तर हाती 1,425 किलो, म्हणजे किलोला 23 रुपये. वाशीत 20 चा कांदा आडत, हमाली आणि टेम्पो धरून 22 ला दारात पडतो. पिकअप तोट्यातच.

दहा टनांची गाडी: माल दीड लाख, भाडे 20,000, बाकी खर्च 10,000. पाच टक्के वजा जाता 9,500 किलो, किलोला 19 च्या आत. इथे तीन रुपये वाचतात, पण दहा टन कांदा ठेवणार कुठे आणि तो उठणार किती दिवसांत? रोज 50 किलो लागणाऱ्या हॉटेलला तो सहा महिन्यांहून जास्त पुरेल. चार-पाच जणांनी मिळून मागवला तरच गणित बसते, आणि गाडी रिकामी व्हायच्या आत वाटण्या ठरलेल्या हव्यात.

साठवणीत खरा घात होतो. कांद्याला हवा मोकळी आणि आर्द्रता साधारण 65 ते 70 टक्के लागते. लासलगावच्या निफाड तालुक्यातल्या कांदाचाळी (कांदा साठवायच्या शेड) जमिनीपासून उचललेल्या, खालून-बाजूंनी वारा खेळणाऱ्या असतात. तिथेही चार-पाच महिन्यांत चांगलीच घट येते. ठाण्याच्या तळमजल्यावरच्या बंद गाळ्यात जून-जुलैत पत्तीखाली (वरच्या सालीखाली) काळी बुरशी धरते, मान मऊ पडते आणि एक सडका कांदा शेजारचे चार घेऊन जातो. गोण्या फरशीवर थप्पी लावून ठेवल्या तर खालची रांग आधी जाते. लाकडी फळ्यांवर, तीन गोण्यांपेक्षा उंच नाही, भिंतीपासून हातभर सोडून ठेवा. पावसाळ्यात साठा करूच नका, हे आमचे स्पष्ट मत.

लाल कांद्याचा तर विचारही नको. खरिपाचा हा माल साधारण ऑक्टोबरपासून येतो, त्यात पाणी जास्त, पत्ती पातळ. तो वाशीतून आठवड्याच्या गरजेपुरताच घ्यावा.

लासलगावातून घ्यायचेच ठरले तर लिलावात बोली परवानाधारक व्यापारीच लावतो. तुम्हाला त्याच्यामार्फतच जावे लागेल. दुसरा मार्ग थेट शेतकऱ्याच्या चाळीवरून घेण्याचा. 2016 पासून बाजार आवाराबाहेर फळे-भाजीपाल्याच्या खरेदीवर बाजार समितीचे नियमन नाही, त्यामुळे तो खुला आहे. मात्र चाळीतला माल समोर ओतून, निवडून, तोलून घ्या. ट्रॉलीच्या वरच्या थरावर सौदा केला आणि खाली गोलटी निघाली की वांधा (मालावरून वाद) निघतो, आणि तो तिथे हजर नसलेल्याच्या अंगावर येतो. फोनवर फोटो पाहून गाडी भरायला सांगणे म्हणूनच महागात पडते.

वाशीत ही सोय आहे की गोणी फोडून बघता येते. वरचे चार कांदे बघून उपयोग नाही, मधून हात घाला. मान बारीक आणि कोरडी, पत्ती दुहेरी आणि घट्ट, बुडाशी दाबल्यावर कडक, इतके पुरे. गोणी ओलसर लागली किंवा आंबूस वास आला तर पुढच्या गाळ्यावर जा.

बाजार बंद पडण्याचा धोकाही मोजा. लासलगावात हमाल, मापाडी, बारदानवाला, ट्रकवाला, चहाची टपरी, सगळ्यांचे पोट एका कांद्यावर. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले, सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. अशा वेळी लासलगावच्या एकाच व्यापाऱ्यावर अवलंबून असलेला अडकतो. वाशीत भाव चढतो खरा, पण पुणे, अहिल्यानगर, सोलापूरकडच्या गाड्याही येत असल्याने माल मिळतो.

आमची शिफारस: दिवसाला दोनशे किलोच्या आत खप असेल तर वर्षभर वाशीच. त्याहून जास्त असेल किंवा गट जमला असेल तर एप्रिल-मेमध्ये, वळवाचा पाऊस पडायच्या आत, उन्हाळ कांद्याची एक गाडी मागवा, पण पाऊस लागेपर्यंत संपेल एवढीच. गाडी दुपारी न भरता संध्याकाळी भरायला सांगा, वर ताडपत्री घट्ट न गुंडाळता बाजूंनी हवा राहू द्या. उतरवल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्या गोण्या ओतून, ओले-दुखावलेले वेगळे काढून, तेच आधी वापरायला घ्या.