एमजीएचे मागचे हब: माल चांगला, क्रोम भिकार, हातोड्याचं तर विचारूच नका

गेल्या आठवड्यात चाक पुसताना नटावरच्या क्रोमचा पापुद्रा सुटून बोटात घुसला, म्हणून हे लिहितोय. नाहीतर मी गप्प बसलो होतो.

मी मागवलेल्या संचात मागचे दोन स्प्लाइनवाले हब (चाक ज्याच्यावर चढतं तो दातेरी तुंबा), पंखवाले दोन नॉक-ऑफ नट (चाक धरून ठेवणारा, हातोड्यानं ठोकून आवळायचा एकच मोठा नट) आणि तांब्याच्या तोंडाचा म्हणून एक हातोडा. गाडी एमजीए १६००, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १५८८ सीसीवाली, तारांची चाकं. वर्ष होत आलं वापरून.

बदलायची वेळ का आली? रिव्हर्स टाकून क्लच सोडला की मागून 'टक', ब्रेक दाबला की परत 'टक'. मिस्त्रींचा संशय मागं जोर नेणाऱ्या शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटवर. मी मागची बाजू जॅकवर घेतली, हँडब्रेक ओढला आणि चाक हातानं पुढं-मागं हलवलं. हब जागच्या जागी आणि चाक त्याच्यावर हलतंय! चाक उतरवून हब बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, नेला. टर्नरनं हबवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "दात कुठले साहेब, करवत झालीय की ओ ही." नव्या दाताचा माथा सपाट असतो, माझे एका अंगानं झिजून टोकदार झालेले, खाचांत ग्रीसच्या जागी लालसर भुकटी. ग्रीस संपून लोखंडावर लोखंड घासलं की हीच भुकटी निघते.

वेल्डिंगनं भरून दात परत कापून देतो, असंही तो म्हणाला. खर्च निम्म्याहून कमी. पण चाक ज्याच्यावर बसतं तिथं पैसे वाचवायचं धाडस झालं नाही. पुढचे हब मात्र जुनेच ठेवलेत. पुढच्यांवर फक्त ब्रेकचा झटका येतो, मागच्यांवर ब्रेकही आणि इंजिनाचा जोरही. त्यामुळं मागचे आधी जातात. पुढच्यांचे दात बरे आहेत, उगाच कशाला पैसे घाला?

नव्या हबवर झिजलेलं चाक चढवू नका, नवे दातही तसेच जातील. माझी स्टेपनी जवळपास कोरी होती, त्यामुळं चाक एकच विकत घ्यावं लागलं. हब उघडलाच आहे तर ऑइल सील आणि कागदी गॅस्केटही नवं टाका, नाहीतर डिफरन्शियलचं तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं.

आता भांडण. डबा उघडला तर दोन्ही नट एकाच आट्याचे! या गाडीला ड्रायव्हर साइडला उलटे आटे, क्लीनर साइडला सुलटे. गाडी पुढं धावताना नट सैल न होता आवळत राहावा म्हणून ही योजना. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "दोन्हीकडं चालतो, जरा जोर लावा." जोर लावून उलटा आटा सुलटा होत असता तर उद्यमबागेतले निम्मे लेथ कधीच भंगारात गेले असते. फोटो, व्हिडिओ, परत फोटो. शेवटी नट बदलून मिळाला, कुरिअर माझ्या पैशानं.

त्या रागात पहिल्या महिन्यात मी या संचाला रिव्ह्यूत एकच स्टार दिला होता. हबपुरतं मत आता बदलतोय. भर पावसात जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट झाला, तवंदी घाटही झाला. दसऱ्याला चाकं उतरवली तर दात जसेच्या तसे, भुकटीचा पत्ता नाही, रिव्हर्सला आवाज नाही. ग्रीस मात्र दातांना आणि चाक जिथं आत-बाहेर टेकतं त्या दोन्ही बाजूंच्या निमुळत्या बैठकींनाही लावा, आणि चाक बसवल्यावर थोडं चालवून नट परत ठोकून बघा.

हातोड्याची गोष्ट वेगळी. दहाबारा ठोक्यांत तांबं सोलवटलं. चुंबक धरला, टक्कन चिकटला. आत लोखंड! लोखंडानं ठोकल्यावर नटाचे पंख चेपणार, क्रोम उडणार, दुसरं काय होणार? आणि ते क्रोमही इतकं पातळ की खाली निकेलचा थर असेल याची मला शंकाच आहे. अमेरिकेनं १९६८ पासून नव्या गाड्यांना बाहेर आलेले पंखवाले नट बंद केले, पादचाऱ्याला लागतात म्हणून. इथं तर उभ्या गाडीनं मालकालाच रक्त काढलं.

शेवटी ओळखीच्या फाउंड्रीवाल्यानं जुन्या पाइपाच्या दांड्यावर शिशाचा हातोडा ओतून दिला. ठोक्याला नुसता 'धप्प' आवाज, पंखावर ओरखडा नाही. तोंड चेपलं की वितळवून परत ओतायचं. (हात साबणानं धुवा, शिसं आहे.) पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, "राहू दे ओ, पोराला एक चक्कर मारून आणा की." अख्ख्या संचात नसलेली ही एकच वस्तू मी डोळे झाकून सुचवीन.

सध्या जुने चेपके नट लावून गाडी फिरतेय. नवे नट परत क्रोम करायला कोल्हापूरला दिलेत. त्याचं बिल विक्रेत्याला पाठवणार आहे. तो देणार नाही हे मलाही माहीत आहे, तरी पाठवणार.