न बदललेल्या फेजरचं बिल

गॅरेजच्या बिलात लिहिलं होतं: इनटेक कॅम फेजर (इनटेक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची वेळ पुढे-मागे करणारा भाग) १, त्याचा मधला बोल्ट १, टायमिंग चेन (क्रँक आणि कॅम जोडणारी साखळी) १, टेन्शनर १, गाइड २, पुढच्या कव्हरचं सीलंट, इंजिन ऑइल ४.२ लिटर, ऑइल फिल्टर १, मजुरी ११ तास, टेस्ट ड्राइव्ह ४० किलोमीटर. यातलं एकही काम झालेलं नव्हतं. गाडी ६ दिवस त्यांच्याकडे पडून होती आणि स्कॅनर लावून फक्त दोषाचा कोड पुसला गेला. खरा दोष एका सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हचा निघाला. तो एका बोल्टवर बसतो. मी भरलेल्या रकमेत तसे १४ सोलेनॉइड आले असते. हे लिहिताना राग येतोच, पण जास्त लाज वाटते, कारण खोटं पहिल्या पाच मिनिटांतच समोर आलं होतं.

लक्षणं अशी: इंजिन गरम झालं की आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना) थरथरायचं, सिग्नलला थांबलं की बंद पडायचं, वेगात असताना फारशी तक्रार नाही. कोड पी००११, म्हणजे बँक १चा (सिलिंडरच्या पहिल्या रांगेचा) इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे, व्हॉल्व्ह लवकर उघडणारा. सल्लागार म्हणाला, "फेजर पिनमध्ये लॉक होऊन बसलाय, कव्हर खोलावंच लागेल." इथेच त्याला अडवायला हवं होतं. बहुतेक इंजिनांत इनटेक फेजरची पिन सगळ्यात मागच्या, रिटार्ड (व्हॉल्व्ह उशिरा उघडणाऱ्या) जागी लॉक होते. फेजर तिथे अडकला तर आयडल बिघडत नाही, कारण आयडलला तो तिथेच असायला हवा. मार बसतो तो मधल्या आरपीएमच्या पिकअपला. आयडलला इंजिन मरतंय याचा अर्थ कॅम पुढे अडकलाय. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त वेळ उघडे राहतात, जळलेला वायू परत आत येतो. अशा वेळी पहिला संशय फेजरला ऑइल पाठवणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हवर घ्यायचा, म्हणजेच त्या सोलेनॉइडवर. सल्लागाराचं वाक्य कोडशी आणि लक्षणांशी, दोन्हींशी जुळत नव्हतं. तरी मी मान डोलावली आणि चावी दिली.

माझी बाजू एवढीच, की गाडी चालत्या रस्त्यात बंद पडत होती आणि त्या भीतीत वाद घालायचं सुचत नाही. शिवाय फेजर खरंच खराब होतात, चेनही ताणते. पण चेनचा संशय घ्यायचा तो पी००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ नसल्याचा कोड) आला तर, किंवा थंड इंजिन सुरू करताना सेकंद-दोन सेकंद खडखडाट होत असेल तर. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. "चेन का?" एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं.

त्याने डिपस्टिकसुद्धा काढली नाही! ही यंत्रणा ऑइलच्या दाबावर हलते. पातळी उतरलेली असेल, ऑइलचा गाळ झाला असेल, किंवा पातळ ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या इंजिनात कुणी घट्ट २०डब्ल्यू-५० ओतलं असेल, तर फेजर उशिरा हलतो आणि हाच कोड येतो. डिपस्टिक न बघता फेजरचं नाव घेणाऱ्याला गाडी देऊ नका.

परत घेताना "जुना पार्ट" म्हणून जो फेजर हातात ठेवला तो कोरडा होता, दातांवर गंज होता. इंजिनातून काढलेल्या फेजरच्या कप्प्यांत ऑइल असतं, तो आडवा केला की ठिबकतो. गंज चढायला तर तो बराच काळ बाहेर पडलेला हवा. तो हातात असतानाही मी सही केली. ओडोमीटर फक्त ३ किलोमीटरने पुढे गेला होता, तेही घरी आल्यावर पाहिलं.

१९० किलोमीटरनंतर चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला. बॉनेट उघडलं: डिपस्टिकवर ऑइल काळंकुट्ट, पुढच्या कव्हरच्या कडेचं सीलंट जुनंच, त्यावर धुळीचा थर, आणि बोल्टवर कारखान्यात मारलेली रंगाची खूण जशीच्या तशी. कव्हर खोललं असतं तर ती खूण तुटली असती.

मग जे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं ते केलं. स्कॅनरवर कॅमचा अपेक्षित कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी लावले. प्रत्यक्ष आकडा आयडललाही पुढेच गोठलेला. आयडलला कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आदेश दिला. यंत्रणा ठीक असेल तर इंजिन अडखळतं आणि आदेश काढला की सावरतं. इथे काहीच फरक नाही. सोलेनॉइडचा रोध ७.४ ओहम, पुस्तिकेत ६.९ ते ७.९. म्हणजे कॉइल ठीक. पुष्कळजण इथेच थांबतात आणि फेजरवर घसरतात. सोलेनॉइड बाहेर काढून १२ व्होल्ट द्या, पण एक-दोन सेकंदच, जास्त वेळ दिला तर कॉइल जळू शकते. आतला स्पूल (ऑइलची वाट उघडणारी-बंद करणारी दांडी) टक्कन सरकला पाहिजे. माझा उघड्या बाजूला चिकटून होता, जाळीत गाळ. इनटेक-एक्झॉस्टचे सोलेनॉइड एकसारखे असतील तर अदलाबदल करा. दोष एक्झॉस्टकडे गेला तर फेजर निर्दोष. बसवताना ओ-रिंग नवी, ऑइल लावून. जुनी रिंग भोकात राहिली नाही ना, बोटाने तपासा.

आता तक्रारीचं. गॅरेज म्हणतं, वॉरंटी पार्टवर आहे, कोडवर नाही. कुठला पार्ट? कंपनीच्या हेल्पलाइनने माझी तक्रार ३ वेळा "ग्राहकाचे समाधान झाले" असं लिहून बंद केली. एकदाही फोन आला नाही. पोलीस ठाण्यात २ तास बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. न केलेल्या कामाचे पैसे घेणं फसवणूक नाही तर काय आहे, याला उत्तर नाही. ग्राहक तक्रार कार्यालयाला फोटो पुरत नाहीत, अधिकृत वर्कशॉपचा तज्ज्ञ अहवाल हवा. अधिकृत वर्कशॉप म्हणजे त्याच कंपनीचं. तिथल्या दोघांनी बोल्टवरची खूण डोळ्यांनी पाहिली, तोंडी मान्यही केलं, आणि लिहून द्यायला नकार दिला.

गाडी देण्याआधी कव्हरचे बोल्ट, डिपस्टिक आणि ओडोमीटर यांचे फोटो काढा. माझ्याकडे आधीचे नाहीत, म्हणून ते लोक म्हणतात की रंग मी नंतर लावला. तक्रार ७ महिने पडून आहे. तोपर्यंत पुढच्या कव्हरला कुणाला स्पॅनर लावू देत नाही, कारण माझ्याकडे पुरावा तेवढाच आहे.